सायनसची शस्त्रक्रिया यशस्वी झाली, हे ठरवायचे कशावरून?

जुनाट सायनुसायटिससाठी, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्यांच्या (सायनसच्या) दीर्घकाळ चालणाऱ्या दाहासाठी, दुर्बिणीतून केलेली नाकाची शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही, या प्रश्नाला चार ठिकाणांहून चार उत्तरे मिळू शकतात आणि ती चारही खरी असू शकतात. रुग्ण एक सांगतो, दुर्बिणीतून दुसरेच दिसते, सीटी स्कॅन तिसरे दाखवतो आणि पाच वर्षांनी विचारले तर उत्तर चौथेच मिळते. तपासणीच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे सायनस मोकळे, स्वच्छ, गुलाबी दिसत असतात आणि तो म्हणत असतो, "डॉक्टर, कपाळ अजून जडच वाटतं." त्याच्यानंतर आत येणाऱ्या बाईंच्या नाकात पॉलिप, म्हणजे सुजलेल्या अस्तराचे मऊ फुगवटे, पुन्हा डोकावू लागलेले असतात आणि त्या मात्र समाधानाने सांगतात की इतकी शांत झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती. नाक-कान-घसा या शाखेत काम करताना ही विसंगती इतक्या वेळा समोर येते की तिचे नवल वाटेनासे होते, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. माझे मत असे झाले आहे की यशाचे माप शस्त्रक्रियेआधी, रुग्णाबरोबर बसून ठरवलेले नसेल, तर नंतर काढलेला कोणताही आकडा आपापल्या सोयीने वाचता येतो.

या शस्त्रक्रियेने नेमके काय साधायचे असते, हे आधी स्पष्ट असले पाहिजे. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे वाल्टर मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून केलेल्या निरीक्षणांतून हे दाखवून दिले की सायनसमधला स्राव वाटेल तिथून बाहेर पडत नाही. अस्तरावरील सूक्ष्म केसांच्या, म्हणजे सिलियांच्या, लयबद्ध हालचालीमुळे तो ठरलेल्या मार्गाने सायनसच्या नैसर्गिक छिद्राकडेच वाहतो. त्यांचे सहकारी हाइन्झ स्टॅमबर्गर आणि अमेरिकेतील डेव्हिड केनेडी यांनी हा विचार जगभर नेला आणि १९८५ मध्ये केनेडी यांनी 'फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी' हे नाव रूढ केले. छिद्रे मोकळी केली की आतले अस्तर आपोआप सुधारेल, अशी त्यावेळची धारणा होती. पुढे अनुभवाने आणि संशोधनाने हे लक्षात आले की बहुसंख्य रुग्णांमध्ये, विशेषतः पॉलिप असलेल्यांमध्ये, मूळ आजार छिद्राचा नसून संपूर्ण अस्तराच्या दीर्घकालीन दाहाचा आहे. अपेंडिक्स काढून टाकल्यावर अपेंडिक्सचा आजार उरत नाही. इथे आजारी अस्तर बहुतांशी जागच्या जागी ठेवावे लागते, कारण त्याच्याशिवाय सायनसचे कामच चालत नाही. शस्त्रक्रिया अडथळे दूर करते, पॉलिपचा भार उतरवते आणि मीठपाणी व स्टेरॉइड आतपर्यंत पोहोचतील एवढी वाट करून देते. म्हणून या शस्त्रक्रियेचा परिणाम एका दिवसात घडून संपणारा नसतो, आणि 'बरा झाला' व 'बरा झाला नाही' एवढ्या दोनच रकान्यांत तो मावत नाही. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२० च्या 'ईपॉस' मार्गदर्शिकेत उपचाराचे उद्दिष्ट म्हणून 'नियंत्रण' ही कल्पना मांडली आहे आणि तिच्यात नियंत्रित, अंशतः नियंत्रित व अनियंत्रित अशा तीन पायऱ्या आहेत, ते मला जास्त प्रामाणिक वाटते.

रुग्णाचे म्हणणे मोजण्यासाठी आज जगभर सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे 'स्नॉट-२२'. तिच्यात बावीस प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण द्यायचे असतात आणि एकूण बेरीज शून्य ते ११० यांच्या दरम्यान येते. बेरीज जितकी जास्त, तितका त्रास जास्त. गेल्या दोन आठवड्यांतला अनुभव विचारला जातो. नाक चोंदणे, घट्ट स्राव, घशात स्राव उतरणे, वास न येणे, चेहऱ्यावरचा दाब हे प्रश्न अपेक्षितच असतात. परंतु त्यांच्या जोडीला झोप न लागणे, रात्री जाग येणे, सकाळी थकलेले उठणे, कामात लक्ष न लागणे, चिडचिड, उदासपणा आणि लोकांसमोर संकोच वाटणे हेही प्रश्न असतात. नाकाच्या तक्रारीसाठी आलेला माणूस या दुसऱ्या भागापाशी येऊन थबकतो, आणि बऱ्याचदा तिथेच त्याचा खरा त्रास बाहेर येतो. झोपेच्या प्रश्नांची उत्तरे मात्र पुष्कळदा शेजारी बसलेली पत्नी देते, आणि ती पतीच्या उत्तरांपेक्षा एक-दोन गुणांनी जास्त असतात. हा केवळ गमतीचा भाग नाही. प्रश्नावली कोणी भरली, कोणासमोर भरली, स्वतः वाचून भरली की परिचारिकेने मोठ्याने वाचून दाखवली, यावर आकडा बदलतो. चारचौघांत विचारल्यावर 'उदास वाटते का' याला पाच गुण देणारा माणूस विरळा. शस्त्रक्रियेआधी एका पद्धतीने आणि नंतर दुसऱ्या पद्धतीने प्रश्नावली भरून घेतली, तर आलेला फरक शस्त्रक्रियेचा की पद्धतीचा, हे सांगता येणार नाही.

या बेरजेचा अर्थ लावण्यासाठी संशोधकांनी एक उंबरठा ठरवला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये झालेल्या मोठ्या राष्ट्रीय ऑडिटच्या, म्हणजे शस्त्रक्रियांच्या निकालांच्या देशव्यापी पाहणीच्या, आधारे असे आढळले की बेरीज साधारण ८.९ गुणांनी कमी झाली, तर रुग्णाला स्वतःला फरक जाणवतो. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधात 'नऊ गुण' ही सीमारेषा धरली जाते. समूहाविषयी बोलताना ती उपयोगी आहे, यात शंका नाही. पण एकेका रुग्णाला ती लावू लागलो की विचित्र परिस्थिती उभी राहते, आणि तिचे सर्वांत ठळक उदाहरण गंधाचे आहे.

बावीस प्रश्नांपैकी गंध आणि चव यांच्यासाठी मिळून एकच प्रश्न आहे. समजा, एखाद्या माणसाची मुख्य तक्रार वास अजिबात न येण्याची आहे. त्याला त्या प्रश्नावर पाचपैकी पाच गुण आहेत आणि बाकीच्या प्रश्नांवर तो फारसा त्रस्त नाही. शस्त्रक्रियेनंतर त्याचे गंधज्ञान संपूर्ण परत आले, तर त्याची बेरीज पाचाने कमी होईल. नऊच्या उंबरठ्यावर हा माणूस 'सुधारणा नाही' या गटात मोजला जाईल, जरी त्याच्या दृष्टीने शस्त्रक्रियेने हवे ते सर्व दिले असले तरी. उलट दुसऱ्या एखाद्या रुग्णाची वास घेण्याची शक्ती जशीच्या तशी गेलेली राहिली, पण नाक मोकळे झाल्याने झोप सुधारली, तर झोप, थकवा आणि चिडचिड यांच्याशी संबंधित अनेक प्रश्न एकमेकांशी बांधलेले असल्यामुळे त्याची बेरीज वीस-पंचवीस गुणांनी सहज उतरते. गंध परत यावा म्हणूनच त्याने शस्त्रक्रिया करून घेतली असेल, तर कागदावरचे हे भरघोस यश त्याच्या काय कामाचे? याच प्रश्नावलीत रुग्णाने स्वतःला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या, जास्तीत जास्त पाच, तक्रारींवर खूण करावी अशी सोय आहे. बेरजेच्या हव्यासात या खुणांकडे सर्रास दुर्लक्ष होते. मला त्या खुणा एकूण गुणांपेक्षा अधिक मोलाच्या वाटतात, आणि शस्त्रक्रियेआधीच्या भेटीत मी केसपेपरवर सर्वांत वर त्याच लिहून ठेवतो.

आता समूहाच्या आकड्यांकडे पाहू. वर उल्लेख केलेल्या ऑडिटमध्ये २००० आणि २००१ या काळात शस्त्रक्रिया झालेल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांची नोंद होती. शस्त्रक्रियेआधी स्नॉट-२२ ची सरासरी ४२ होती, तीन महिन्यांनी ती २५.५ झाली आणि पाच वर्षांनी सुमारे २८ राहिली. सोळा-सतरा गुणांची घट ही उंबरठ्याच्या जवळजवळ दुप्पट आहे आणि तिचा मोठा भाग पाच वर्षे टिकला, ही या शस्त्रक्रियेच्या बाजूने भक्कम साक्ष आहे. तरीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. सायनसचा आजार नसलेल्या लोकांनी हीच प्रश्नावली भरली, तेव्हा त्यांचा मध्यक सात गुणांच्या आसपास आला होता. म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचा सरासरी रुग्ण पूर्वीपेक्षा पुष्कळ बरा असतो, पण निरोगी माणसासारखा होत नाही. ही गोष्ट शस्त्रक्रियेआधीच सांगितली, तर पुढची बरीच निराशा टळते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. जुनाट सायनुसायटिस हा चढउताराचा आजार आहे आणि माणूस शस्त्रक्रियेला तयार होतो, तो बहुधा त्रास शिगेला पोहोचलेला असताना. त्या दिवशी भरलेल्या प्रश्नावलीतला आकडा त्याच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा वरचा असतो, आणि काहीही न करता तीन महिन्यांनी मोजले असते तरी तो थोडाफार खाली आला असता. आधी आणि नंतर एवढीच तुलना केली, तर ही नैसर्गिक घसरणही शस्त्रक्रियेच्या खात्यावर जमा होते. त्याचप्रमाणे ज्याचा आकडा मुळातच कमी आहे, त्याला खाली यायला जागाच नसते. अमेरिकेतील एका बहुकेंद्री अभ्यासात शस्त्रक्रियेआधी १० ते १९ गुण असलेल्यांपैकी जेमतेम ३७.५ टक्के लोकांनी सुधारणेचा उंबरठा गाठला, तर तिसाच्या वर गुण असलेल्यांमध्ये हे प्रमाण ७० टक्क्यांहून जास्त होते. एखाद्या शल्यचिकित्सकाचे निकाल दुसऱ्यापेक्षा चांगले दिसतात, तेव्हा त्याचे कौशल्य पाहण्याआधी त्याने निवडलेल्या रुग्णांचे सुरुवातीचे गुण पाहावेत, असे मी म्हणतो ते याचसाठी.

सीटी स्कॅनच्या बाबतीत मी थोडक्यातच लिहितो, कारण शस्त्रक्रियेनंतरच्या मूल्यमापनात त्याचे स्थान लहान आहे, निदान असायला हवे. लंड-मॅके पद्धतीत प्रत्येक बाजूच्या पाच सायनस-भागांना शून्य, एक किंवा दोन गुण आणि छिद्रांच्या सामाईक मार्गाला शून्य किंवा दोन गुण देऊन एकूण २४ पैकी आकडा काढतात. अस्तर किंचित जाड असले तरी एक, आणि सायनस जवळजवळ संपूर्ण भरलेला असला तरी एकच. फक्त पूर्ण भरला की दोन. शिवाय शस्त्रक्रियेत तो सामाईक मार्गच उघडून टाकलेला असल्यामुळे त्या रकान्याला नंतर फारसा अर्थ राहत नाही. सायनसचा कोणताही आजार नसलेल्या लोकांच्या स्कॅनमध्येही या पद्धतीने सरासरी चारच्या थोडे वर गुण निघाल्याची नोंद आहे. स्कॅनचे गुण आणि रुग्णाचा त्रास यांचे नाते दुबळे आहे, हे वारंवार दिसून आले आहे. तक्रार नसलेल्या रुग्णाला केवळ 'निकाल पाहू' म्हणून पुन्हा क्ष-किरणांना सामोरे जायला लावणे मला पटत नाही. शस्त्रक्रियेआधी रोगाची व्याप्ती आणि हाडांची ठेवण पाहण्यासाठी मात्र स्कॅनला पर्याय नाही.

दुर्बिणीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यातून जे दिसते, ते कित्येकदा रुग्णाला अजून जाणवलेले नसते. लंड-केनेडी पद्धतीत पॉलिप, सूज, स्राव, व्रण आणि खपल्या या पाच गोष्टींना प्रत्येक बाजूस शून्य ते दोन गुण देतात, म्हणजे दोन्ही बाजू मिळून जास्तीत जास्त वीस. यातले व्रण आणि खपल्या हे आजारापेक्षा शस्त्रक्रियेचेच परिणाम असल्याने अलीकडे ते वगळून सुधारित पद्धत वापरली जाते, आणि पहिल्या काही आठवड्यांत तर ती अधिकच न्याय्य ठरते. या आठवड्यांत नाकात वाळलेले रक्त, फायब्रिनचे (जखमेवर साकळणाऱ्या प्रथिनाचे) पांढरट पापुद्रे आणि खपल्या असतातच. मीठपाण्याने मऊ झालेली खपली सक्शनने अलगद सुटून आली की खालचे ओले, तांबूस अस्तर दिसते, आणि रुग्ण तिथल्या तिथे नाकाने एक दीर्घ श्वास घेऊन "आता मोकळं वाटलं" म्हणतो. त्याच दिवशी प्रश्नावली हातात दिली तर आकडा सुरेख येईल. तो आकडा खपली काढण्याचा आहे, शस्त्रक्रियेचा नाही.

दुर्बिणीचे खरे महत्त्व यात आहे की ती अपयशाचे कारण दाखवते. मधले टर्बिनेट (नाकाच्या आतला अस्तराने झाकलेला हाडाचा उंचवटा) बाहेरच्या भिंतीला चिकटून बसले आहे का, कपाळाच्या सायनसची वाट व्रणाने आकसली आहे का, गालाच्या सायनसचे नैसर्गिक छिद्र शस्त्रक्रियेत केलेल्या उघडीपात सामावले गेले आहे की बाजूला तसेच राहिले आहे, हे तिथेच कळते. शेवटच्या प्रकारात एक विलक्षण दृश्य दिसते. स्रावाची चिकट तार नैसर्गिक छिद्रातून बाहेर येते, काही मिलिमीटर मागे सरकते आणि शस्त्रक्रियेत केलेल्या मोठ्या छिद्रातून पुन्हा त्याच सायनसमध्ये शिरते. सिलिया आपले काम चोख करत असतात, स्कॅनवर मोठे थोरले उघडीप दिसते आणि तरीही रुग्णाच्या घशात स्राव उतरायचा थांबत नाही. मेसरक्लिंगर यांनी सांगितलेल्या वाटेचे महत्त्व पटवण्यासाठी शिकाऊ डॉक्टरांना याहून चांगले काही दाखवता येणार नाही. अशा रुग्णाच्या बाबतीत 'शस्त्रक्रियेचा उपयोग झाला नाही' हे वाक्य अपुरे आहे. त्याचा आजार औषधाला दाद देत नाही असे समजून गोळ्या वाढवत राहणे चुकीचे ठरते, कारण दोन छिद्रे जोडून एक केली की प्रश्न सुटतो.

मात्र दुर्बिणीच्या निकालात एक उघड दोष आहे. ज्याने शस्त्रक्रिया केली, बहुधा तोच दुर्बीण घालतो आणि तोच गुण देतो. आपल्याच हातच्या कामात सूज 'सौम्य' दिसते, हा मनुष्यस्वभाव आहे. चित्रीकरण करून ठेवले आणि रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कधीची, हे ठाऊक नसलेल्या सहकाऱ्याकडून गुण घेतले, तर हा दोष बराच कमी होतो.

नाक मोकळे वाटणे आणि नाकातून हवा प्रत्यक्षात किती जाते, यांतही अंतर आहे, आणि हे अंतर पुष्कळांना ठाऊक नसते. हवेच्या प्रवाहामुळे अस्तर थंड होते आणि ती थंडाई टिपणाऱ्या चेतातंतूंवरून मेंदू 'नाक मोकळे आहे' असे ठरवतो. मेन्थॉलच्या वासाने नाक मोकळे वाटते, परंतु प्रवाहाचे मापन केले तर त्यात फरक आढळत नाही. अस्तराचा गरजेपेक्षा जास्त भाग काढलेल्या एखाद्या रुग्णाचे नाक मोजमापात प्रशस्त असते आणि त्याला मात्र गुदमरल्यासारखे वाटत राहते. यंत्राचा आकडा दाखवून अशा माणसाची समजूत घालू नये.

गंधाच्या बाबतीत यंत्राची नव्हे, पण चाचणीची गरज निश्चित असते, कारण स्वतःच्या गंधशक्तीविषयी माणसाचा अंदाज बराच चुकतो. कागद खरवडून चाळीस वास ओळखायची पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेली चाचणी किंवा वासाच्या पेनांनी केली जाणारी ४८ गुणांची 'स्निफिन स्टिक्स' चाचणी शस्त्रक्रियेआधी एकदा करून ठेवली, तर नंतरच्या तुलनेला आधार मिळतो. डोकेदुखीच्या बाबतीत तर शस्त्रक्रियेआधीची चौकशी निकालापेक्षा महत्त्वाची ठरते. स्वतःला 'सायनसची डोकेदुखी' आहे असे मानणाऱ्या किंवा डॉक्टरांनी तसे निदान केलेल्या सुमारे तीन हजार लोकांच्या एका अमेरिकी अभ्यासात ८८ टक्के लोकांची लक्षणे मायग्रेनच्या प्रकारात बसली होती. पॉलिप असलेल्या माणसालाही मायग्रेन असू शकते. केवळ डोकेदुखीवर खूण केलेली प्रश्नावली हाती आली, तर मी शस्त्रक्रियेची तारीख देण्याआधी ती डोकेदुखी कशाची आहे याचा शोध घेतो.

शस्त्रक्रिया आणि केवळ औषधे यांची तुलना करणाऱ्या चाचण्या थोड्या आहेत आणि त्यांचे सूर जुळत नाहीत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ९० रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत दीर्घ औषधोपचार आणि शस्त्रक्रिया या दोन्हींनी रुग्णांना आराम पडला आणि लक्षणांत ठळक फरक दिसला नाही. नेदरलँड्समध्ये पॉलिप असलेल्या दोनशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया व औषधे मिळालेला गट केवळ औषधे मिळालेल्या गटापेक्षा स्नॉट-२२ वर ४.९ गुणांनी सरस होता, म्हणजे फरक होता, पण उंबरठ्याच्या आत. त्यानंतर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मॅक्रो' या ब्रिटिश चाचणीत, सुमारे पाचशे रुग्णांमध्ये, सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेचा गट क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणि निष्क्रिय गोळी या दोन्ही गटांपेक्षा अठरा ते वीस गुणांनी पुढे होता. वाचणारा आपल्या मताला सोयीची चाचणी उचलतो, हे मी दोन्ही बाजूंच्या चर्चांत पाहिले आहे. परंतु या चाचण्यांत रुग्ण वेगळे, तुलनेसाठी दिलेली औषधे वेगळी आणि मोजण्याची वेळ वेगळी होती. शिवाय भूल देऊन, काहीही न करता, 'शस्त्रक्रिया झाली' असे सांगायचा तुलनागट यांपैकी एकीतही नव्हता, त्यामुळे शस्त्रक्रिया झाल्याच्या भावनेने किती आराम पडतो, हे यांतून वेगळे काढता येत नाही.

मोजण्याची वेळ हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. तीन महिन्यांचा निकाल जवळजवळ सगळ्यांचा चांगला असतो. पॉलिप असलेल्या रुग्णांच्या बेल्जियममधील एका अभ्यासात बारा वर्षांनंतर जे ३८ रुग्ण तपासणीला उपलब्ध होते, त्यांच्यापैकी ७८.९ टक्के लोकांमध्ये पॉलिप पुन्हा आलेले होते आणि ३६.८ टक्के लोकांची पुन्हा शस्त्रक्रिया झाली होती; तरीही त्यांचा त्रास पहिल्या शस्त्रक्रियेआधीच्या मानाने कमीच होता. दुर्बिणीच्या दृष्टीने हे अपयश आहे आणि रुग्णाच्या दृष्टीने बारा वर्षांची सवलत. दमा, ॲस्पिरिनची असहिष्णुता आणि अस्तरात इओसिनोफिल या दाहाशी संबंधित पांढऱ्या पेशींचा सुळसुळाट असेल, तर पुनरुद्भवाची शक्यता वाढते, हे रुग्णाला आधीच ठाऊक असावे.

पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण हा पुष्कळांना कणखर आकडा वाटतो, कारण त्यात मताला वाव दिसत नाही. ब्रिटिश ऑडिटमध्ये पाच वर्षांत ते सुमारे १९ टक्के होते. पण हा आकडाही वाटतो तेवढा निर्मळ नाही. पहिल्या अनुभवाने घाबरलेला माणूस त्रास सोसत राहतो, दुसरा दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि पहिल्याच्या नोंदीत 'पुन्हा शस्त्रक्रिया नाही' असा यशस्वी म्हणून राहतो. तिसऱ्याचा डॉक्टर सूज दिसताच शस्त्रक्रियेचा सल्ला देणारा असतो. गुंतागुंतीच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. त्याच ऑडिटमध्ये गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ०.४ टक्के आणि किरकोळ गुंतागुंतीचे ६.६ टक्के होते. इतक्या विरळ घटनेचा अंदाज एकट्या शल्यचिकित्सकाच्या नोंदींवरून करता येत नाही: सलग ३०० शस्त्रक्रियांत एकही गंभीर घटना घडली नाही, तरी संख्याशास्त्राच्या हिशेबाने खरे प्रमाण एक टक्क्यापर्यंत असू शकते. "माझ्याकडे आजवर असं काही झालेलं नाही" हे विधान खरे असूनही म्हणूनच फारसे काही सांगत नाही.

जे रुग्ण पुन्हा येतच नाहीत, त्यांचे काय करायचे, याला समाधानकारक उत्तर कोणाकडेच नाही. ते बरे झाले म्हणून आले नाहीत, की कंटाळून दुसरीकडे गेले, हे न विचारता कळत नाही. माझ्या अनुभवात फोन करून विचारल्यावर दोन्ही उत्तरे मिळतात, आणि फोन शस्त्रक्रिया करणाऱ्याने स्वतः केला तर पहिले उत्तर जास्त वेळा मिळते. हे काम रुग्णाशी उपचाराचा संबंध न आलेल्या व्यक्तीकडे सोपवावे आणि तिने प्रश्न जसेच्या तसे विचारावेत, एवढी व्यवस्था लहान रुग्णालयातही होऊ शकते.

२०१९ मध्ये पॉलिपसाठी ड्युपिलुमॅब या जैविक औषधाला मान्यता मिळाल्यापासून हा सगळा विषय आणखी गुंतागुंतीचा झाला आहे. त्या औषधाच्या चाचण्यांत पॉलिपच्या आकाराला दुर्बिणीतून दिलेले आठपैकी गुण, नाक चोंदण्याचे गुण आणि स्नॉट-२२ हेच निकष होते, त्यामुळे शस्त्रक्रियेचे आणि औषधाचे आकडे शेजारी ठेवण्याचा मोह होतो. परंतु त्या चाचण्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांची पूर्वी शस्त्रक्रिया झालेली होती, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर आजार उलटलेल्यांचाच तो बहुतांशी समूह होता. पहिल्यांदाच शस्त्रक्रियेला आलेल्या माणसाशी त्यांची तुलना सरळ होत नाही. पॉलिपच्या गुणांचा निकष लावला, तर शस्त्रक्रिया झालेल्या दिवशी ते जवळजवळ शून्यावर येतात आणि पुढे हळूहळू वाढू शकतात. औषधाने ते महिनोन्महिने हळूहळू उतरतात आणि औषध थांबवले की पुन्हा चढू लागतात. मोजणीचा दिवस तिसऱ्या महिन्यातला निवडला तर एकाचे पारडे जड दिसेल, तिसऱ्या वर्षातला निवडला तर कदाचित दुसऱ्याचे. रुग्ण विचारतो तेव्हा मी दोन्ही वक्ररेषा कागदावर काढून दाखवतो आणि त्याने खूण केलेल्या तक्रारींपैकी कोणती किती काळ दूर राहावी अशी त्याची अपेक्षा आहे, हे त्याच कागदावर त्याच्याकडूनच लिहून घेतो.